इथपर्यंत येतो

आज रात्री कुणाचीच लिफ्ट अडकली नाही,
म्हणून टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो.
मधोमध चहाचा रिकामा पत्र्याचा डबा,
डब्याच्या पोटात माझ्या पाच रात्री:
दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चिमूटभर रेझिस्टर.
बटण दाबलं की दिवा लागतो.
दिवा लागतो, एवढंच.
तेकलेची गिटार डब्यात शिरते ती बाहेरच येत नाही,
मेहुण्याला उसने दिलेले पैसे जसे.

ते ट्रान्झिस्टर त्बिलिसीच्या पुलावरच्या जुन्या बाजारातले.
पदकं, चमचे, कॅमेऱ्याच्या भिंगांशेजारी
लामाराबाईंनी वहीच्या पानात गुंडाळून ठेवलेले
जर्मेनियमचे वीस दाणे.
चालतात का, विचारलं.
"नवरा चालायचा," म्हणाल्या, "यांचं मला माहीत नाही."

तर आता शोध.
वायरीच्या एका टोकाला सुई, दुसरं अँप्लिफायरला.
तेकले खुर्चीत पाय दुमडून
जाड तार छेडतेय, तीच, पुन्हा पुन्हा, जांभया देत.
मी सुई टेकवत जातो.
दाराशी: आहे.
पहिल्या कपॅसिटरच्या अलीकडे: आहे. पलीकडे: आहे.
पुढे कुठंतरी पाणी मुरतंय.

एक डाख मळकट दिसतो.
नुसता चिकटलाय, जुळलेला नाही.
तापवतो. राळेचा धूर डोळ्यांत जातो.
डाख चकाकतो. डबा मुका.

"बाबा असता तर त्याला जमलं असतं?"
तुझ्या बापानं आयुष्यात बल्ब बदललेला नाही, मी म्हणतो.
खरं आहे ते.
पण त्या एका तारेवर त्यानं एव्हाना
काहीतरी वाजवलं असतं,
हे मी म्हणत नाही. सुई पुढे सरकवतो.

पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस: आहे.
कलेक्टर:
नाही. म्हणजे आहे,
भिंतीपलीकडच्या खोकल्याएवढा.

वडिलांच्या कारखान्यातलं रशियन पुस्तक काढलं,
डाग पडलेलं पान, तीन पायांचं चित्र,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ:
खालून पाहिल्यास.

बावीस वर्षं मी रुस्तावीतल्या लिफ्टा खालून बघतोय.
खड्ड्यात उभा राहून, टॉर्च तोंडात धरून,
नाणं टाकून चालणाऱ्या, न टाकता न चालणाऱ्या,
सगळ्या खालून.
आणि हे पाय तेवढे वरून बघितले.
दोन्हींचे.

उपसले. फिरवले.
पाय चिमट्यात धरून डाख दिला, आच वर चढू नये म्हणून,
जर्मेनियम उष्णतेला फार हळवं.
तेकले, हाण.

जाड ताडपत्री टरकावी तसा
आवाज स्वयंपाकघरभर.
कपाटातल्या बशा बोलल्या.
खालच्या त्सियालाबाईंनी रेडिएटरचा पाइप बडवला,
तेकलेनं त्या ठोक्यांवरच ताल धरला.

मग तिनं फोनवर ते अर्धं मिनिट टिपून घेतलं
आणि बापाला पाठवलं.
पोझनानच्या पुढे कुठंतरी ट्रक उभा असेल.
उत्तर लगेच आलं, जागाच होता:
"आवाज फाटतोय गं. तिकडे नेट खराब आहे का?"

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.
मीही पुसले, राळेचा धूर होताच.

पाऊण तासात आवाज बारीक, कुरकुरा व्हायला लागला.
चूल पेटलेली, खोली तापलेली.
नॉब फिरवून बघितला, उपयोग नाही.
शनिवारी कार्यक्रम,
तळघरातला हॉल, माणसं, दिवे, उकाडा.
वाजवायच्या आधी तासभर थंडीत ठेवावा लागेल,
जमतं का ते आजच बघू, म्हणून
डबा फ्रिजमध्ये ठेवला, सुलगुनी चीजच्या शेजारी.

आई पहाटे उठते, तिला दिसत कमी.
झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली:
यात चहा नाही.